प्लेटिंगच्या कारखान्यातली रसायनं: फाइल नंतर, आधी गेट आणि ईटीपी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकत असेल तर लगेच सांगता येईल. चाकणजवळ झिंक प्लेटिंगचं (लोखंडी भागांवर जस्ताचा थर चढवायचं) युनिट, साधारण चाळीस माणसं. तुम्ही बीएस्सी केमिस्ट्री करून लॅबमध्ये बाथ (प्लेटिंगच्या टाकीतलं द्रावण) तपासायला लागलात. आता गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट तीन महिन्यांवर आलंय आणि मालकांनी ‘केमिकल मॅनेजमेंट तुम्हीच बघा’ म्हणून काम तुमच्या गळ्यात घातलंय. तुम्ही विचारलंय की फॉरमॅट कोणता वापरू, सगळ्या एसडीएस (रसायनांची सुरक्षा माहितीपत्रकं) एका फाइलमध्ये लावल्या की पुरे का, आणि आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) घ्यावंच लागेल का. शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या) मागे काही कॅन पडून आहेत, लेबल नाही, कशात काय ते जुन्या फोरमनकाकांनाच ठाऊक, आणि काका दिवाळीनंतर निवृत्त होतायत.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. कारखान्यात काय आलं, किती आलं, कुठे ठेवलं आणि कुठे गेलं, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आहे. ते कागदावर आणि जागेवर उतरलं की फॉरमॅट कुठलाही चालतो. ते उतरलं नाही तर कितीही देखणी फाइल करा, ऑडिटर शॉपमध्ये शिरल्या शिरल्या एखाद्या कॅनवर बोट ठेवून ‘यात काय आहे?’ विचारेल आणि हेल्पर सांगेल, ‘ॲसिड.’ प्लेटिंग शॉपमध्ये ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, काहीही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुमचा बाथ सायनाइड झिंकचा आहे, अल्कलाइन नॉन-सायनाइड आहे की ॲसिड क्लोराइड, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पॅसिव्हेशन (झिंकवरचा क्रोमचा संरक्षक थर) कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमचं झालंय की जुनं पिवळं, जास्त विषारी हेक्साव्हॅलंट अजून चालू आहे, तेही नाही. काम बॅरलवर (फिरत्या पिंपात) जास्त की रॅकवर (टांगून), सांडपाणी स्वतःच पूर्ण प्रक्रिया करून वापरता की सामायिक प्रकल्पाकडे पाठवता, यावरही बरंच अवलंबून. त्यामुळे खालचं वाचताना तुम्हाला लागू नसलेलं सोडून द्या. एक गोष्ट मात्र अटीशिवाय सांगतो. शॉपमध्ये सायनाइड असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याचं बघा.

कारण साधं आहे. सायनाइडचं द्रावण अकरा-बारा पीएचला गप्प बसतं. पीएच ९.२ पर्यंत उतरला की त्यातलं निम्मं सायनाइड हायड्रोजन सायनाइडच्या रूपात गेलेलं असतं, आणि ते पाण्यात टिकत नाही, हवेत येतं. ‘कडू बदामाचा वास येतो, कळेल की’ असं शॉपमध्ये सर्रास ऐकू येतं. हा वास अनेकांना जन्मतःच येत नाही, तेव्हा नाकावर भिस्त ठेवू नका. झिंक प्लेटिंगच्या जवळजवळ प्रत्येक लाइनवर पिकलिंगचं (गंज काढायचं) हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे ॲसिड आणि सायनाइड एकाच छपराखाली आहेत. दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवून भागत नाही. पाण्याचा पाइप घ्या, पिकलिंगच्या टाकीजवळ फरशीवर पाणी सोडा आणि ते कुठल्या गटारात जातं ते चालत जाऊन बघा. मग सायनाइड बाथजवळ तेच करा. नकाशात दोन गटारं वेगळी दाखवलेली असतात. जुन्या युनिटमध्ये मधे कधीतरी मेंटेनन्सने ‘तुंबतंय म्हणून’ दोन्ही जोडून टाकलेली असतात, आणि ते नकाशात नसतं.

हे झालं की ईटीपीच्या शेडमध्ये जा. सगळे प्लेटिंग लाइनकडे बघतात, पण माझा अनुभव असा की एकमेकांशी न पटणारी सगळ्यात जास्त रसायनं याच शेडमध्ये शेजारी-शेजारी असतात. क्रोमच्या पाण्यासाठी सल्फ्युरिक ॲसिड आणि सोडियम मेटाबायसल्फाइट. सायनाइडच्या पाण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो, आणि कास्टिक. शेवटी चुना आणि पॉली (गाळ एकत्र करून खाली बसवणारं रसायन). हायपोत ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो. मेटाबायसल्फाइटवर ॲसिड पडलं की सल्फर डायऑक्साइड. सायनाइडच्या टाकीत हायपो टाकताना पीएच १० च्या खाली असेल तर सायनोजेन क्लोराइड बनतो, आणि तोही विषारी वायूच आहे. इतकी जोखीम जिथे आहे तिथे बहुतेक युनिट्समध्ये सगळ्यात नवा हेल्पर उभा असतो, कारण लाइनवरून माणूस निघत नाही. वाळूज आणि भोसरीकडच्या शेड्समध्ये मी नेहमी एक गोष्ट आधी शोधतो, ती म्हणजे मग. बाथरूममधला प्लास्टिकचा मग. तो एकच असतो, पिंपाच्या कडेला अडकवलेला, आणि त्यानेच हायपो, त्यानेच ॲसिड, त्यानेच मेटाबायसल्फाइटचं पाणी काढलं जातं. तुमच्या शेडमध्ये मग एकच असेल तर आजच तीन वेगळ्या रंगांचे आणा, प्रत्येकाला साखळी लावून आपापल्या पिंपाशी बांधा. खर्च शे-दोनशे रुपये.

आणि क्रम पक्का करा. क्रोमचं पाणी पीएच दोन ते तीनला आणून मेटाबायसल्फाइटने हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करायचं. सायनाइडचं पाणी वेगळ्या टाकीत, पीएच दहाच्या वर ठेवून, हायपोने ऑक्सिडाइझ करायचं. दोन्हीकडची प्रक्रिया पूर्ण झाल्याची चाचणी घेतल्यावरच पाणी एकत्र करायचं. एकत्र झाल्यावर पीएच साडेआठ-नऊला आणला की धातू गाळाच्या रूपात खाली बसतात. घाईच्या शिफ्टमध्ये ‘दोन्ही सोडा एकाच टाकीत, नंतर बघू’ हे घडतं. त्या ‘नंतर’मध्ये क्रोमचं आम्लधर्मी पाणी सायनाइडला भेटतं. दोन टाक्यांमधल्या व्हॉल्व्हला कुलूप आणि किल्ली शिफ्टच्या केमिस्टकडे, एवढंच त्यावर उत्तर आहे.

चुकीच्या टाकीत चुकीचं रसायन जाणं ही काही फक्त छोट्या शेडची गोष्ट नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावी एमजीपी इन्ग्रेडियंट्स या कारखान्यात २१ ऑक्टोबर २०१६ ला टँकरमधलं सल्फ्युरिक ॲसिड हायपोक्लोराइटच्या टाकीत उतरवलं गेलं. क्लोरीनचा ढग गावावर आला आणि १४० हून जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले. तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जे पुढे आलं ते कुठल्याही प्लेटिंगवाल्याला ओळखीचं वाटेल: दोन्ही टाक्यांची भरण्याची तोंडं जवळजवळ होती, दिसायला सारखी होती. आपल्याकडे टँकर नसतो, कारबॉय (मोठे प्लास्टिकचे कॅन) असतात. हायड्रोक्लोरिकचा निळा, हायपोचाही निळा, आणि टेम्पोवाला दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला तर जागा दिसेल तिथे उतरवून निघून जातो. म्हणून रसायनाची गाडी आली की स्टोअरकीपर किंवा केमिस्ट हजर असल्याशिवाय एकही कारबॉय खाली उतरायचा नाही, हा नियम मालकांच्या सहीने गेटवर लावा. वॉचमनला तो पाळता येतो, कारण त्यात रसायनशास्त्र काहीच नाही.

आता यादी. ही तुम्ही खरेदीच्या रजिस्टरवरून करायला बसाल, तसं करू नका. वही घेऊन शॉपमध्ये फिरा. रेक्टिफायरच्या मागे, माळ्यावर, लॅबच्या बेसिनखाली, मेंटेनन्सच्या कपाटात, डीजी सेटजवळ, पाण्याच्या सॉफ्टनरपाशी. थिनर, रंग, ग्रीस, टॉयलेट साफ करायचं ॲसिड, सगळं लिहा. फोरमनकाकांना बरोबर घ्या. त्यांच्याकडून ‘माहिती काढायची’ आहे असा आविर्भाव नको, त्यांना मान देऊन विचारलंत तर ते तुम्हाला अशा जागा दाखवतील ज्या मालकांनाही माहीत नसतील. प्रत्येक नगासमोर एवढं लिहा: कॅनवरचं नाव, बनवणारी कंपनी, आत नेमकं काय, कॅस नंबर (रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक), जागा, जास्तीत जास्त किती साठा असतो, कोण वापरतं, केव्हा आलं. ‘ब्राइटनर बी’, ‘सॉल्ट नंबर दोन’, ‘पॅसिव्हेट यलो’ ही व्यापारी नावं आहेत, त्यांतून काहीच कळत नाही. आत काय आहे ते एसडीएसच्या तिसऱ्या विभागात मिळतं.

एसडीएसबद्दल तुम्ही विचारलंच आहे. त्यात सोळा विभाग असतात, पण रोजच्या कामाला मी पाचच बघतो: दुसरा म्हणजे धोके, तिसरा म्हणजे घटक, चौथा प्रथमोपचार, सातवा हाताळणी-साठवण आणि दहावा, कशाशी काय प्रतिक्रिया होते तो. दहावा विभाग वाचूनच तुमच्या स्टोअरची मांडणी ठरवायची. एसडीएस तुमच्या पुरवठादाराचीच हवी. नेटवरून दुसऱ्याच कंपनीची उतरवून फाइलमध्ये लावलेली मी ढिगाने पाहिलीय, आणि ऑडिटरही पाहतात. कॅनवरच्या कंपनीचं नाव आणि एसडीएसवरचं नाव जुळतं का, एवढंच ते तपासतात आणि फाइल मिटते. घटकांच्या जागी नुसतं ‘गोपनीय’ लिहिलेलं असेल तर पुरवठादाराला लेखी विचारा. पूर्ण सूत्र तो सांगणार नाही, पण धोकादायक घटक सांगायला हरकत नसावी. तेही सांगत नसेल तर तो माल घ्यावा का, हा मालकांशी बोलायचा विषय आहे.

फाइल ऑफिसात असेल तर रात्रपाळीच्या माणसाला तिचा उपयोग शून्य. प्रत्येक महत्त्वाच्या रसायनाचं एक पान मराठीत आणि हिंदीत करा, कारण चाकणला लाइनवरची निम्मी पोरं बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली असतात. अंगावर उडालं तर काय, डोळ्यात गेलं तर काय, सांडलं तर काय टाकायचं, कशाजवळ ठेवायचं नाही. चार ओळी, मोठी अक्षरं, टाकीच्या शेजारी. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं आणि कामगाराला त्याच्या कामातल्या धोक्यांची माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं. ग्राहकाचं ऑडिट नसतं तरी हे करायचंच होतं, हे मालकांना सांगायला उपयोगी पडेल.

बिनलेबलचे कॅन. त्यांचं झाकण उघडून वास घ्यायचा नाही, एकमेकांत ओतायचं नाही, आणि मुख्य म्हणजे ‘थोडं थोडं ईटीपीत सोडून देऊ’ हे करायचं नाही. मात्र फोरमनकाका जायच्या आधी त्यांच्यासमोर प्रत्येक कॅनवर नंबर टाका, ते काय सांगतात ते लिहून घ्या, आणि तरीही त्याला खात्री समजू नका. मग हातमोजे, चष्मा घालून, मोकळ्या हवेत, थोडासा नमुना काढून पीएच बघा आणि बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवा. एखादा कॅन फुगलेला दिसला किंवा झाकणाभोवती खडे जमलेले असले तर नमुनासुद्धा काढू नका, बाजूला मोकळ्या जागेत तसाच राहू द्या आणि विल्हेवाट करणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांना बोलवा. ओळख पटेपर्यंत हे कॅन वेगवेगळ्या ट्रेमध्ये, एकमेकांपासून लांब. नंतर ते घातक कचरा म्हणून अधिकृत मार्गानेच जायला हवेत. पुणे भागाला रांजणगावचा सामायिक प्रकल्प आहे, मुंबईकडच्यांना तळोज्याचा.

असे कॅन येतात कुठून, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘सॅम्पल’ हे असतं. पुरवठादाराचा सेल्समन येतो, ‘नवीन ब्राइटनर आहे, वापरून बघा, पैसे नकोत’ म्हणतो, पाच लिटरचा कॅन ठेवून जातो. चाचणी होते किंवा होत नाही, आणि कॅन ईटीपीच्या मागे जातो. म्हणून फुकट सॅम्पललाही गेटवर तोच नियम लावा: एसडीएस नाही तर आत नाही, आणि उरलेलं सॅम्पल ज्याने दिलं त्यानेच परत न्यायचं. खरेदी, सॅम्पल, जॉब करणाऱ्या मेंटेनन्स ठेकेदाराने आणलेलं थिनर, सगळ्याला एकच दार. माझ्या कामात जिथे हे दार बंद झालं तिथे बाकीचं आपोआप सोपं होत गेलं. जिथे झालं नाही तिथे यादी दर महिन्याला नव्याने करावी लागली.

खरेदीचं आणखी एक. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं म्हणून तीन महिन्यांचं हायपो भरून ठेवतात. हायपो उन्हात आणि उष्णतेत ताकद गमावतं. मार्चमध्ये आलेला कारबॉय मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली असेल तर आत निम्मं पाणी उरलंय असं समजा. हेल्पर मात्र नेहमीचेच दोन मग टाकतो, आणि सायनाइड पूर्ण मोडत नाही. साठलेलं रसायन जसंच्या तसं राहत नाही, हे विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. लॉकडाऊनमध्ये बंद असलेल्या कारखान्याच्या टाकीत स्टायरीन पडून राहिलं, तापलं, आपल्याआप पॉलिमर बनायला लागलं आणि त्याची वाफ गावात पसरली. आपला साठा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण स्टोअरमध्ये तारखेप्रमाणे आधी आलेलं आधी वापरायचं आणि हायपोची ताकद लॅबमध्ये तपासून मगच डोस ठरवायचा, एवढं तुमच्या हातात आहे.

इथवरचं थोडक्यात: सायनाइड आणि ॲसिड भेटणार नाहीत याची खात्री, ईटीपी शेडची शिस्त, प्रत्यक्ष फिरून केलेली यादी, आणि गेटचं दार. तीन महिन्यांतला पहिला महिना याच्यात जाईल, जाऊ द्या.

दुसऱ्या महिन्यात हिशेब घ्या. मालकांना पटवायला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, उणे शेवटचा साठा, म्हणजे वापर. आता हा वापर गेला कुठे ते शोधायचं. झिंकचं गणित सोपं आहे. आठ मायक्रॉनचा थर असेल तर एका चौरस मीटरवर साधारण ५७ ग्रॅम झिंक बसतं. महिन्यात हजार चौरस मीटर केलंत तर ५७ किलो. ॲनोडचा (टाकीत टांगलेल्या झिंकचा) वापर यापेक्षा खूप जास्त दिसत असेल तर एक तर थर गरजेपेक्षा जाड पडतोय, किंवा अल्कलाइन बाथमध्ये लाइन बंद असतानाही झिंक विरघळत राहतंय आणि बाथची पातळी राखायला द्रावण काढून टाकलं जातंय. दोन्ही तुमच्या लॅबमध्ये लगेच कळतं.

खरी गंमत कास्टिक, ब्राइटनर आणि पॅसिव्हेशनच्या रसायनांत आहे. ती जॉबवर, म्हणजे प्लेटिंग होणाऱ्या भागांवर, फारशी बसत नाहीत, तरी महिन्याला संपतात. जातात ती जॉबला चिकटून, धुण्याच्या पाण्यात. चौरस मीटरमागे शंभर मिलिलिटर द्रावण जॉबबरोबर सहज बाहेर येतं, बॅरलमध्ये त्याहून जास्त. हजार चौरस मीटरला शंभर लिटर बाथ. त्यात लिटरला १२० ग्रॅम कास्टिक असेल तर बारा किलो कास्टिक आणि त्याच्या हिशेबाने ब्राइटनर दर महिन्याला नाल्यात गेलं, आणि पुन्हा ईटीपीत ते मारायला ॲसिड विकत घेतलं. एकाच मालाचे पैसे दोनदा. क्रोमचं तर आणखी वाईट. हिशेबाने एक किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियमला पावणेतीन किलो मेटाबायसल्फाइट लागतं, शिवाय ॲसिड, शिवाय चुना. मग त्याचा गाळ होतो. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या गाळात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि प्रकल्पाचं बिल त्या पाण्यासकट वजनावर येतं.

उपाय महागडा नाही. जॉब टाकीवर निथळू द्या. ऑपरेटर पीस-रेटवर असेल तर तो रॅक उचलून तडक पुढच्या टाकीत नेणार, त्याला नुसतं सांगून होत नाही. टाकीच्या वर रॅक टेकवायला आडवा पाइप बसवा म्हणजे त्याचे हात मोकळे होतात आणि तेवढ्यात तो दुसरा रॅक भरतो. दोन टाक्यांच्या मधल्या फटीत उताराची पत्र्याची किंवा पीपीची पट्टी लावा, थेंब परत पहिल्या टाकीत जातील. बाथच्या लगेच पुढे न वाहणाऱ्या पाण्याची एक टाकी ठेवा आणि बाष्पीभवनाने बाथ कमी झाला की तेच पाणी बाथमध्ये परत घ्या. बॅरल बाहेर काढल्यावर वरच्या वर एक-दोन फेरे फिरवा. इतकं केल्यावर पुढच्या महिन्याचा हिशेब पुन्हा काढा आणि मालकांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवा. पर्यावरण, सुरक्षा वगैरे शब्द उच्चारायची गरज पडत नाही.

हाच हिशेब ऑडिटमध्ये आणि प्रदूषण मंडळासमोरही तुमची बाजू मांडतो. खरेदी दुप्पट झाली आणि गाळ तेवढाच, तर समोरचा विचारणारच की बाकीचं गेलं कुठे. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे मंडळाने मुदत वाढवून दिल्याशिवाय कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ईटीपीचा गाळ ३५.३ मध्ये, रसायन लागलेले रिकामे ड्रम-कॅन ३३.१ मध्ये मोडतात. प्रदूषण मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात हे दोन्ही आहेत का आणि किती प्रमाणात, ते आधी वाचा. गाळाचे मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचे कागद) बहुतेकांकडे नीट असतात. गडबड रिकाम्या कॅनमध्ये असते, कारण भंगारवाला त्याचे रोख पैसे देतो. पुढे तोच कॅन कुणाच्या तरी घरी पाणी साठवायला जातो. चाकणच्या आसपासच्या वस्त्यांमधून निळे पिंप दिसतात, त्यातले किती कुठून आलेत देव जाणे. कॅन तीनदा धुवा, ते पाणी ईटीपीत घ्या, कॅनला भोक पाडा किंवा पुरवठादाराला परत द्या, नाहीतर अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्या आणि पावती ठेवा. आलेले कॅन आणि गेलेले कॅन यांची संख्या जुळली पाहिजे.

दुसऱ्या भांड्यात काढलेल्या मालाला लेबल हवं, हे तुम्हाला माहीत असेलच. एवढंच सांगतो की प्लेटिंग शॉपमध्ये कागदी लेबल महिनाभरही टिकत नाही, ॲसिडची वाफ ते खाते. कॅनवर स्टेन्सिलने ऑइल पेंट मारा, देवनागरीत नाव आणि रंगाचा पट्टा. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांमध्ये काहीही काढायला सक्त बंदी. इथे माफी नाही, अगदी जुन्या माणसालाही नाही.

हेक्साव्हॅलंट, सायनाइड, किंवा डीग्रीझिंगला (तेल काढायला) ट्रायक्लोरोएथिलीन वापरत असाल तर ग्राहक ते बदलायला सांगेल. कारणं खरी आहेत. ट्रायक्लोरो आणि हेक्साव्हॅलंट दोन्ही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांमध्ये मोडतात. युरोपच्या नियमांत हेक्साव्हॅलंटची मर्यादा ०.१ टक्का आहे, आणि तिथे गाड्या पाठवणाऱ्याला तुमच्या स्क्रूपर्यंत ती पाळावी लागते. पण माझं स्पष्ट मत आहे की ऑडिटच्या तोंडावर प्रोसेस बदलू नका. सायनाइड बाथ थोडीफार सफाई स्वतःच करतो, नॉन-सायनाइड करत नाही. तेलकट जॉब गेला की थर सोलपटून निघतो आणि दोष नव्या बाथवर येतो. आधी डीग्रीझिंग सुधारावं लागतं. ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशनलाही पीएच आणि तापमान सांभाळावं लागतं, जुन्या पिवळ्यासारखा आडमाप कारभार ते सहन करत नाही. ऑडिटमध्ये बदलाचा तारखांसकट आराखडा दाखवा, तो बहुतेक ऑडिटर मान्य करतात.

माणसांच्या संरक्षणाची साधनं मी मुद्दाम शेवटी घेतली, कारण बहुतेक ठिकाणी ती पहिली घेतात आणि तिथेच थांबतात. क्रोमच्या टाकीवर कडेलगतचा एक्झॉस्ट चालतो का, ते अगरबत्तीचा धूर धरून बघा. पंख्याचा आवाज येतो म्हणजे ओढ आहे असं नसतं, बेल्ट सैल असतो किंवा डक्टला भोक असतं. क्रोमवर काम करणाऱ्यांच्या नाकाचा पडदा झिजतो, भोक पडतं, आणि दुखत नसल्याने त्यांना पत्ता लागत नाही. त्यांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी कायद्याने सांगितलेली आहे, डॉक्टरांना नाक आणि हात बघायला आवर्जून सांगा. आयवॉशचं पाणी दुपारी दोन वाजता स्वतः हातावर घेऊन बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून लाइन आली असेल तर एप्रिलमध्ये ते पाणी हाताला सोसत नाही, आणि डोळा पंधरा मिनिटं धुवायचा असतो. लाइन सावलीतून किंवा जमिनीखालच्या टाकीवरून घ्या.

तुमचे मूळ तीन प्रश्न आता पटकन. फॉरमॅट: साठ-सत्तर रसायनांना एक्सेल पुरतं, सॉफ्टवेअर विकणाऱ्याला सध्या दारात उभं करू नका. नुसती एसडीएस फाइल: पुरेशी नाही, पण वर सांगितलेली यादी झाली की फाइल एका आठवड्यात उभी राहते. आयएसओ १४००१: ग्राहकाच्या करारात लिहिलं असेल तरच, आणि तरीही तीन महिन्यांत नको. प्रमाणपत्र भिंतीवर आणि ईटीपीत एकच मग, अशी युनिट्स मला माहीत आहेत.

मालक खर्चाला तयार नसतील तर हा क्रम ठेवा: गटारांची फारकत आणि व्हॉल्व्हचं कुलूप, सायनाइडचं बंद कपाट, ॲसिड आणि हायपोखाली वेगवेगळे गळती-ट्रे, मग निथळायचे पाइप आणि पट्ट्या. एक्झॉस्टची दुरुस्ती पुढच्या तिमाहीत ढकलायचा मोह होईल. क्रोमची टाकी चालू असेल तर ती ढकलू देऊ नका. बाथ कुठला आहे आणि सांडपाण्याचे प्रवाह किती वेगळे आहेत, हे कळवलंत तर ईटीपीच्या डोसचा तक्ता तुमच्या आकड्यांवर बसवून देता येईल.